खेळणे म्हणजे काय, ते एकदा लिहून द्या

प्रति,
हार्मोनाइज्ड सिस्टिम समितीचे सर्व सदस्य,
जागतिक सीमाशुल्क संघटना, ब्रसेल्स

सन्माननीय सदस्यहो,
स. न. वि. वि.

हे पत्र लिहिताना टेबलावर तीन वस्तू मांडून ठेवल्या आहेत. पहिली, मुठीत मावणारा मऊ कापडी हत्ती. त्याच्या डोक्यातून धातूची कडी निघते आणि कडीला किल्ली अडकवता येते. दुसरी, सिलिकॉनचा ससा. पाठीवर थाप मारली की पोटातला दिवा लागतो. तिसरी, समोर पारदर्शक खिडकी असलेला पुठ्ठ्याचा डबा. आत चिनी मातीचा मग आणि मगात कमरेपर्यंत बसवलेले छोटे अस्वल. वस्तू तीन वेगवेगळ्या आयातदारांच्या, तीन वेगवेगळ्या खेपांमधल्या. इनव्हॉइसवर तिन्हींचे वर्णन मात्र एकच होते: 'गिफ्ट आयटेम'.

आयात मालाला एचएस कोड, म्हणजे तुमच्या हार्मोनाइज्ड सिस्टिममधला वर्गीकरणाचा क्रमांक, लावून देणे हे माझे काम. यंत्रे, रसायने, कापड असे सगळेच हाताखालून जाते, पण सर्वांत जास्त वेळ खातात ती खेळणी आणि भेटवस्तू. लोकांना हे खरे वाटत नाही. रसायनाचा कोड अवघड असणार आणि बाहुलीचा सोपा, असा सगळ्यांचा समज असतो. रसायनाला सूत्र असते, प्रयोगशाळेचा अहवाल असतो. तो आला की बहुतेक प्रश्न मिटतो. कडी लावलेल्या हत्तीचा अहवाल कोणतीच प्रयोगशाळा देऊ शकत नाही. तो अहवाल तुमच्या पुस्तकातून यायला हवा, आणि नेमके तिथेच ते पुस्तक गप्प आहे. म्हणून हे पत्र.

आधी 'भेटवस्तू' या शब्दाबद्दल. मराठीत भेट म्हणजे दोन माणसांचे भेटणे आणि भेट म्हणजे त्या वेळी हाती दिलेली वस्तूही. वस्तू कशी हातोहात गेली एवढेच हा शब्द सांगतो. ती कशाची आहे, कशासाठी आहे, याबद्दल काहीच सांगत नाही. टॅरिफमध्ये, म्हणजे कोडांच्या त्या पुस्तकात, 'भेटवस्तू' नावाचे हेडिंग, म्हणजे चार अंकी गट, नाही, आणि ते नाही हे योग्यच आहे. भेट म्हणून द्यायची छोटी मूर्ती प्लास्टिकची असेल तर ३९.२६ मध्ये जाते, लाकडाची असेल तर ४४.२०, मातीची ६९.१३, साध्या धातूची ८३.०६. मेणबत्ती ३४.०६, शुभेच्छापत्र ४९.०९, कृत्रिम फुले ६७.०२, नकली दागिना ७१.१७, किल्ली फिरवल्यावर वाजणारी संगीतपेटी ९२.०८. एका इनव्हॉइसवर 'गिफ्ट आयटेम, मिश्र' असे एका ओळीत लिहिलेला माल पुस्तकाच्या दहा कोपऱ्यांत विखुरतो. याबद्दल माझी तक्रार नाही. आयातदाराला मी पहिल्या दिवशीच सांगते की हा शब्द विसरा आणि प्रत्येक वस्तू कशाची आहे व काय करते ते लिहून द्या. त्याने ते नीट लिहून दिले की शोभेच्या वस्तूंचा प्रश्न सहसा सुटतो.

प्रश्न उरतो तो शोभा आणि खेळ यांच्या सीमेवर. भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी कितीतरी मुलांच्या हातात जातात, आणि मुलांच्या हातात गेलेल्या वस्तूचे बऱ्याचदा खेळणेच होते. पण मुलाने खेळायला घेतली म्हणून वस्तू ९५.०३ मध्ये, म्हणजे खेळण्यांच्या हेडिंगमध्ये, जात नाही. मुले चमच्यानेही खेळतात. खेळण्यासाठी बनवलेली वस्तू आणि खेळायला घेतलेली वस्तू यांत फरक करायचा आहे, आणि तो कसा करायचा हे कायद्याच्या मजकुरात कुठेच लिहिलेले नाही.

तुमची प्रणाली दोनशेहून अधिक देश आणि अर्थव्यवस्था वापरतात. जगातल्या मालाच्या व्यापारापैकी ९८ टक्क्यांहून अधिक व्यापार तिच्या कोडांखाली चालतो. करार १९८३ मध्ये झाला, १९८८ च्या १ जानेवारीपासून लागू झाला, आणि तेव्हापासून खेळण्यांचे प्रकरण ९५ त्यात आहे. इतक्या वर्षांत 'खेळणी' या शब्दाची व्याख्या प्रकरणाच्या टिपांमध्ये आलेली नाही. स्पष्टीकरण टिपांमध्ये एक ओळ आहे: माणसांच्या, म्हणजे मुलांच्या किंवा मोठ्यांच्या, करमणुकीसाठी मुख्यतः असलेली खेळणी. त्यात खेळण्याची व्याख्या खेळणे हाच शब्द वापरून केली आहे. शिवाय स्पष्टीकरण टिपा हे मार्गदर्शन आहे. त्या मूळ मजकुरापुढे टिकत नाहीत आणि प्रत्येक देशाची न्यायालये त्यांना आपापल्या परीने वजन देतात.

उलट खेळणे काय नाही, हे मात्र तुम्ही जागोजागी लिहिले आहे, आणि चांगले लिहिले आहे. २००७ च्या आवृत्तीत तुम्ही प्रकरण ९५ मध्ये टीप ५ घातलीत: रचना, आकार किंवा बनवण्याचे साहित्य पाहून जे फक्त प्राण्यांसाठी आहे असे ओळखता येते, ते ९५.०३ मध्ये येणार नाही. त्या एका टिपेने कुत्र्याच्या रबरी हाडावरचे वाद संपले. २०२२ मध्ये ड्रोनसाठी ८८.०६ हे नवे हेडिंग आले, तेव्हा प्रकरण ८८ च्या टिपेत तुम्ही स्पष्ट लिहिलेत की केवळ करमणुकीसाठी बनवलेली उडणारी खेळणी मानवरहित विमानांत धरायची नाहीत, ती ९५.०३ मध्येच राहतील. आणि सर्वांत सुंदर टीप प्रकरण ८७ मध्ये आहे: मुलांच्या सगळ्या सायकली ८७.१२ मध्ये, मुलांच्या इतर सायकली ९५.०३ मध्ये. तीन चाकी सायकल खेळणे, दोन चाकी सायकल वाहन. यावर कुणी वाद घातलेला मी आजवर पाहिलेला नाही, कारण चाके कुणालाही मोजता येतात.

म्हणजे सीमा कशी आखायची ते तुम्हाला येते. प्राणी, ड्रोन आणि सायकल यांच्या बाजूने तुम्ही कुंपण घातले. शोभेच्या वस्तू, दिवे, किल्लीच्या कड्या यांच्या बाजूला मात्र रान मोकळे आहे, आणि भेटवस्तूंचा सगळा व्यापार त्याच बाजूने चालतो.

आता हत्तीची गोष्ट सांगते. याच हत्तीची पहिली खेप मी ९५.०३ म्हणून दाखल केली. कापूस भरलेला प्राणी, शिवलेले डोळे, मऊ अंग. कडी ही त्याची दुय्यम सोय. माल सुटला. काही महिन्यांनी तोच पुरवठादार, तोच आयातदार, तोच हत्ती, फक्त रंग वेगळा. या वेळी तपासणीत नमुना काढला गेला आणि सांगण्यात आले की ही किल्ली अडकवायची कापडी वस्तू आहे, ६३.०७ लावा. मी लेखी म्हणणे दिले. उत्तर आले की मुठीएवढ्या प्राण्याशी कुणी खेळत नाही, तो पिशवीला लटकवतात. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. लोक तो पिशवीला लटकवतातच. माझेही खोटे नव्हते. वाद चालू असताना माल गोदामात पडून राहिला, भाडे चढत गेले, आणि शेवटी आयातदाराने थकून त्यांचा कोड मान्य केला. मग मागच्या खेपेवरही प्रश्न आला: तोच हत्ती तेव्हा खेळणे कसा होता?

त्या आयातदाराने मला विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, "ताई, मी काही लपवलं का? फोटो दिला, नमुना दिला, वर्णन दिलं. मग चूक कुणाची?" त्याची चूक नव्हती. त्या अधिकाऱ्याचीही नव्हती. तो आपल्या परीने नियम वाचत होता. त्याच्या हातात दिलेल्या पुस्तकात खेळण्याची कसोटी नव्हती, म्हणून त्याला स्वतःची कसोटी बनवावी लागली. मलाही तेच करावे लागले होते.

मोठ्या कंपन्या अशा प्रसंगी न्यायालयात जातात आणि वाट पाहू शकतात. २००३ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने दिलेला एक निकाल आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. चित्रकथांतल्या अद्भुत शक्तीच्या पात्रांच्या छोट्या मूर्ती बाहुल्या आहेत की इतर खेळणी, हा वाद होता. तेव्हा बाहुली म्हणजे माणसाची प्रतिमा असे धरले जाई आणि तिच्यावर १२ टक्के ड्युटी होती. इतर खेळण्यांवर ६.८ टक्के. ती पात्रे माणसे आहेत की माणसांपेक्षा वेगळे काही, यावर युक्तिवाद झाले, आणि न्यायालयाने ती इतर खेळणी ठरवली. एवढ्या विद्वान माणसांचा एवढा वेळ त्या प्रश्नावर जावा, याचे मला वाईट वाटते. मूल हातात मूर्ती घेऊन काय करते, हा प्रश्न त्या कोडांच्या रचनेत विचारताच येत नव्हता.

तुम्ही त्यावर उपाय केलात, हे मान्य करायलाच हवे. २००७ मध्ये चाकांच्या खेळण्यांचे ९५.०१ आणि बाहुल्यांचे ९५.०२ ही दोन्ही हेडिंगे रद्द करून सगळे ९५.०३ मध्ये आणले. बाहुली की प्राणी, माणूस की राक्षस हा वाद एका फटक्यात संपला. पण त्याच वेळी दुसरी गोष्ट घडली, जिची किंमत आम्ही आजही मोजतो आहोत. त्याआधी ९५.०३ च्या पोटात उपविभाग होते: विजेवरच्या रेल्वे, जोडणीचे संच, कापूस भरलेले प्राणी, खेळण्यातली वाद्ये, कोडी, संचात बांधलेली खेळणी, मोटर असलेली खेळणी. २००७ पासून सहा अंकी पातळीवर एकच कोड उरला: ९५०३.००. तान्ह्या बाळाचा खुळखुळा, मोठ्या माणसाने काचेच्या कपाटात ठेवायची विमानाची लघुप्रतिकृती, मुलाने पायाने ढकलत न्यायची स्कूटर, हजार तुकड्यांचे कोडे आणि भातुकलीचा संच, सगळ्यांना जगभर एकच सहा अंक.

सहा अंकांच्या पुढे प्रत्येक देश आपले उपविभाग करतो, तशी मुभा कराराने दिली आहे. युरोपीय संघाने बाहुल्या, रेल्वे, प्लास्टिकचे जोडणी संच, कापूस भरलेली खेळणी, लाकडी कोडी, खेळण्यातली शस्त्रे असे वेगवेगळे कप्पे केले. अमेरिकेने आकडेवारीसाठी वयाप्रमाणे विभागणी केली: तीन वर्षांखालील मुलांसाठी, तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी, आणि इतर. एका देशाचे कप्पे दुसऱ्या देशाशी जुळत नाहीत. त्यामुळे जगात कापसाची खेळणी किती फिरतात आणि बाळांची खेळणी किती फिरतात, हे २००७ नंतर तुमच्या सामाईक कोडांवरून कुणालाच सांगता येत नाही.

इथे मला ड्युटी बाजूला ठेवून मुलांबद्दल बोलायचे आहे, कारण या विषयाची मला खरी काळजी तिथे वाटते.

एचएस कोड हा सुरक्षेचा कायदा नाही, हे मला माहीत आहे. तुमची समिती खेळण्यांच्या चाचण्या ठरवत नाही. पण बंदरावर कोणती खेप थांबवायची आणि कोणती सोडायची हे ठरवणाऱ्या यंत्रणा कोडावर चालतात. ९५.०३ लिहिलेली खेप आली की तिथे खेळण्यांचे नियम आठवतात. तोच माल ९४.०५ किंवा ३९.२६ म्हणून आला की दिवा म्हणून किंवा शोभेची वस्तू म्हणून पुढे सरकतो.

खेळण्यांच्या सुरक्षा मानकांत छोट्या भागांची एक साधी चाचणी आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाचे, तळ तिरका असलेले एक नळकांडे असते. त्याची खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा कोणताही भाग, मूळचा किंवा ओढून-आपटून सुटलेला, त्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, कारण त्यात मावणारी वस्तू त्या वयाच्या मुलाच्या घशातही जाऊ शकते. बॅटरीची झाकणेही मानकांनी सोडलेली नाहीत: बटणाएवढ्या चपट्या सेलची जागा हत्याराशिवाय किंवा एकाच वेळी दोन वेगळ्या हालचाली केल्याशिवाय उघडू नये. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही तिथले मांस जाळू शकतो. लोहचुंबकांचे छोटे तुकडे एकाहून अधिक गिळले गेले तर आतड्यांच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात.

माझ्या टेबलावरच्या सशाच्या पोटात असाच चपटा सेल आहे. त्याच्या झाकणाला स्क्रू नाही. नखाने सरकवले की उघडते. हा ससा मुलांच्या उशाशी ठेवण्यासाठीच विकला जातो, डब्यावर झोपलेल्या बाळाचे चित्र आहे. त्याची खेप दिवा म्हणून सुटली, आणि उजेड देणे हेच त्याचे मुख्य काम आहे हे पाहता कोड चुकीचा होता असे मी म्हणू शकत नाही. झाकणाचा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्या कोडाखाली तो विचारायचे कुणाला सुचतच नाही. मी आयातदाराला सांगितले, त्याने पुरवठादाराला कळवले. सगळेच आयातदार असे करतील यावर मी विसंबून राहू शकत नाही.

सुरक्षेचे कायदे आणि तुमचा कोड यांच्यात आणखी एक फट आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात खेळणे म्हणजे १४ वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून रचलेली किंवा अभिप्रेत असलेली वस्तू, मग तिचा तेवढाच उपयोग असो वा नसो. 'तेवढाच उपयोग असो वा नसो' हे शब्द मोलाचे आहेत, कारण कडी असलेला हत्ती त्यांत बसू शकतो. त्याच निर्देशात ५०० हून अधिक तुकड्यांचे कोडे खेळणे धरलेले नाही, सणासमारंभातल्या सजावटीच्या वस्तूही नाहीत. तुमच्याकडे मात्र ९५.०३ मध्ये 'सर्व प्रकारची कोडी' आहेत आणि मोठ्यांच्या करमणुकीची खेळणीही आहेत. त्यामुळे हजार तुकड्यांचे कोडे तुमच्या कोडाप्रमाणे खेळणे, सुरक्षा कायद्याप्रमाणे नाही. आणि पिशवीला लटकणारा हत्ती कदाचित याच्या नेमके उलट. या दोन व्याख्या एक व्हाव्यात अशी माझी मागणी नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. पण एका बाजूने व्याख्या लिहून ठेवली आहे आणि दुसऱ्या बाजूने अजिबात नाही, म्हणून त्या कुठे जुळतात आणि कुठे नाही हे नकाशावर दाखवताच येत नाही.

आता तिसरी वस्तू, मग आणि अस्वल. या डब्यावर मी दोन दिवस घालवले होते. वर्गीकरणाच्या सामान्य नियमांपैकी नियम ३(ब) प्रमाणे किरकोळ विक्रीचा संच धरायचा तर त्यातल्या वस्तू एखादी विशिष्ट गरज भागवण्यासाठी किंवा विशिष्ट काम करण्यासाठी एकत्र आलेल्या असाव्या लागतात. मगातून पिणे आणि अस्वलाशी खेळणे यांची गरज एक नाही, म्हणून तो संच नाही. मग प्रकरण ९५ ची टीप ४ येते: संच ठरत नसला तरी खेळणे आणि इतर वस्तू विक्रीसाठी एकत्र बांधल्या असतील आणि त्या जोडीचे एसेन्शियल कॅरॅक्टर, म्हणजे मूळ स्वभाव, खेळण्याचा असेल, तर सगळे ९५.०३ मध्ये. टीप चांगली आहे. पण तिची सुरुवातच 'टीप १ च्या अधीन राहून' अशी आहे, आणि टीप १ मध्ये उपयोगाची भांडी प्रकरणाबाहेर ठेवली आहेत. मग हा मग टीप १ मुळे आधीच बाहेर पडला, की टीप ४ मुळे अस्वलाबरोबर आत आला? दोन्ही वाचने मी पाहिली आहेत, दोन्ही प्रामाणिक माणसांनी केलेली. आणि टीप ४ लागू केली, तरी मूळ स्वभाव कशावरून ठरवायचा? किमतीवरून म्हटले तर मग महाग आहे. आकारावरूनही मगच मोठा. दुकानात हात कशाकडे जातो हे पाहिले तर अस्वलाकडे.

मुलाच्या डॉक्टर-डॉक्टर खेळाच्या संचातही हेच होते. पांढरा अंगरखा स्वतंत्र आला तर प्रकरण ६२ मध्ये जाऊ शकतो, कापडी सोंगाचे कपडे टीप १ ने वगळलेलेच आहेत. प्लास्टिकचा स्टेथोस्कोप ९५.०३ मध्ये. एकत्र आले तर? इथे मला शंका वाटत नाही, कारण अंगरख्यासकट सगळ्याचा उपयोग एकाच खेळात आहे. पण कुणी शंका घेतली तर तिला उत्तर देणारी ओळ पुस्तकात दाखवता येत नाही.

मूळ स्वभाव ठरत नसेल तर नियम ३(क) सांगतो, पात्र हेडिंगांपैकी आकड्याने शेवटचे घ्या. प्रकरण ९५ शेवटाजवळ आहे, म्हणून कापड, माती, धातू यांच्याशी बरोबरी झाली तर खेळणेच जिंकते. अनेक वादांचा शेवट असाच होतो आणि निकालही बरोबर येतो. तरीही तिथे खेळण्याला खेळणे ठरवले ते त्याच्या क्रमांकाने. मला हे पुरेसे वाटत नाही.

मराठीत खेळणे हे क्रियापद आहे आणि खेळणे ही वस्तूही आहे, शब्द एकच. मला वाटते व्याख्या याच दिशेने जायला हवी: वस्तू कशाची आहे, किती मोठी आहे, डब्यावर काय लिहिले आहे यांआधी, तिचे मुख्य काम खेळण्याचे आहे का. म्हणून प्रकरण ९५ मध्ये पुढीलसारखी एक टीप घालावी, अशी माझी विनंती आहे. रूप, रचना आणि बांधणी पाहता ज्या मुख्यतः खेळण्यासाठी बनवल्या आहेत असे ओळखता येते त्या वस्तू, वापरणाऱ्याचे वय कोणतेही असो, ९५.०३ च्या दृष्टीने खेळणी होत; कडी, पट्टा, खिसा किंवा तत्सम दुय्यम उपयोगाचा भाग जोडला आहे एवढ्याने त्यांचे खेळणेपण जात नाही. भाषा तुमचे तज्ज्ञ माझ्यापेक्षा चांगली करतील. 'ओळखता येते' हा शब्दप्रयोग मी तुमच्याच टीप ५ मधून घेतला आहे.

या टिपेने हत्तीचा प्रश्न सुटेल. सशाचा माझ्या बाजूने सुटणार नाही: उजेड देणे हेच त्याचे मुख्य काम आहे, आणि तो दिवाच ठरेल. मला ते चालेल. तो दिवा आहे हे निश्चित झाले की सुरक्षेचे काम पाहणाऱ्यांनाही कळेल की मुलांच्या उशाशी जाणाऱ्या वस्तू ९४.०५ खालीही येतात, आणि सेलच्या झाकणाची तपासणी तिथे न्यायला हवी.

दुसरी विनंती ९५०३.०० पुन्हा उघडण्याची. जुने सगळे उपविभाग परत आणा असे मी म्हणत नाही. त्यांतले काही आज निरुपयोगी झाले असतील. एक कप्पा मात्र जगभर सामाईक हवा: अगदी लहान मुलांच्या खेळण्यांचा. यावर लगेच आक्षेप येईल की वय हे उत्पादक डब्यावर छापतो, आणि 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असे छापून तो हवे तिथून निसटेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून छापील वय बाजूला ठेवून वस्तूच्या प्रकारावरून कप्पा करावा. सुरक्षा मानके हेच करतात: खुळखुळे, दाबल्यावर आवाज करणारी खेळणी, पाळण्यावर टांगायची खेळणी, कवेत घ्यायची मऊ भरीव खेळणी हे प्रकार लेबल काहीही असले तरी लहान मुलांसाठीचे धरले जातात. खुळखुळा हातात घेतला की कुणालाही तो खुळखुळा आहे हे कळते, जशी सायकलची चाके मोजता येतात.

हा कप्पा झाला तर दोन गोष्टी होतील. बंदरावर मर्यादित माणसे असतात. नमुने काढायचे तर आधी कुठल्या खेपांमधून काढायचे हे त्यांना सहा अंकांवरून कळेल. आणि एका देशात एखादे मऊ खेळणे धोकादायक ठरून मागे घेतले गेले, तर दुसऱ्या देशाला आपल्याकडे त्या प्रकारचा माल कुठून किती येतो हे त्याच कोडाने शोधता येईल. आज तो शोध स्कूटर आणि कोडी यांच्या ढिगातून घ्यावा लागतो.

छोट्या आयातदारांबद्दल एकच मुद्दा. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ च्या फेब्रुवारीत लागू झाला आणि त्याने माल येण्याआधी वर्गीकरणाचा निर्णय मागण्याची सोय प्रत्येक सदस्य देशाला बंधनकारक केली. मी ती वापरते आणि इतरांनाही वापरायला सांगते. पण असा निर्णय तो देणाऱ्या देशापुरता असतो. तीन देशांत तोच हत्ती विकणाऱ्याला तीन अर्ज करावे लागतात, आणि उत्तरे तीन येऊ शकतात. वर्षातून दोनदा तुम्ही बसता आणि देशादेशांतले असे मतभेद मिटवून वर्गीकरणाची मते देता. त्या मतांत निकालाबरोबर कारणेही थोडी सविस्तर द्यावीत. '९५.०३, नियम १ प्रमाणे' एवढ्यावर पुढच्या वेगळ्या हत्तीचे काय करायचे ते कळत नाही.

कराराच्या कलम ७ ने तुम्हाला दुरुस्त्या सुचवण्याचे काम दिले आहे, आणि ते करताना वापरणाऱ्यांच्या गरजा, तंत्रातले बदल आणि व्यापाराची बदलती रीत लक्षात घ्या असे सांगितले आहे. मी वापरणाऱ्यांपैकी एक आहे. पुढची आवृत्ती २०२८ च्या १ जानेवारीला लागू होते आहे. त्यानंतरच्या फेरीसाठी देशांकडून प्रस्ताव येऊ लागतील तेव्हा माझ्या देशाच्या प्रतिनिधींमार्फत मी हे म्हणणे रीतसर पाठवीनच. पण त्या रीतीला वर्षे लागतात, आणि तोवर असे कितीतरी ससे वेगवेगळ्या बंदरांतून पुढे जातील. म्हणून आधी हे खुले पत्र.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक करावे. या तीन वस्तू, किंवा अशाच दुसऱ्या तीन, कोणत्याही दुकानातून आणून टेबलावर ठेवाव्यात आणि प्रत्येक सदस्याने दुसऱ्याशी न बोलता त्यांचे कोड कागदावर लिहावेत. मग ते कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. हत्ती, ससा आणि डबा मी सांभाळून ठेवला आहे. हवे असतील तर पाठवते.

आपली,
खेळण्यांना कोड लावणारी एक वर्गीकरण सल्लागार